दोन नावांची बाई : डोना ग्रासिया

मैत्रिणींनो, शुक्रवारी संध्याकाळी घर झाडून-पुसून स्वच्छ चादरी घातल्या, शनिवारी धुतलेले कपडे अंगावर चढवले, डुकराच्या चरबीऐवजी ऑलिव्हच्या तेलात भाजी परतली, यात गुन्हा तो काय? तुम्ही म्हणाल, ही तर नीटनेटक्या गृहिणीची लक्षणं! पण पाचशे वर्षांपूर्वी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये एवढ्याशा गोष्टींवरून बाईला कोठडीत टाकत असत. मोलकरणीनं, शेजारणीनं, कधी कधी घरच्याच माणसानं जाऊन सांगायचं, की या घरात शनिवारी चूल पेटत नाही. मग चौकशी, छळ, मालमत्तेची जप्ती आणि काही वेळा भर चौकात जिवंत जाळणं. कारण ही सगळी लक्षणं ज्यू म्हणजे यहुदी घराची मानली जात. बाहेरून ख्रिस्ती आणि आतून ज्यू असणं हा तिथे फार मोठा अपराध होता.

अशाच एका घरात १५१०च्या सुमाराला पोर्तुगालच्या लिस्बन शहरात एक मुलगी जन्मली. चर्चमध्ये तिचं नाव लागलं बिआट्रिस दे लूना. घरात, दारं बंद केल्यावर, तिचं नाव होतं ग्रासिया. आयुष्याची चाळीसेक वर्षं तिनं ही दोन नावं सांभाळली. पुढे तीच युरोपातली एक अतिशय श्रीमंत बाई झाली, बादशहांशी आणि पोपशी तिनं टक्कर घेतली आणि कितीतरी माणसांना मरणाच्या दारातून बाहेर काढलं. ज्यू लोक आजही तिला आदरानं ला सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब म्हणतात.

तिची गोष्ट कळायची तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. या लोकांबद्दल एवढा राग आला कुठून? हिटलरनं ज्यूंचा संहार केला हे आपण शाळेत शिकलो. पण ते विष हिटलरनं तयार केलं नाही. ते शेकडो वर्षं थेंब थेंब साठत आलं होतं.

त्याचं मूळ धर्मात आहे. येशू ख्रिस्ताला क्रुसावर चढवलं ते रोमन राजवटीनं. क्रूस ही रोमन शिक्षा आणि हुकूम देणारा पिलात हा रोमन सुभेदार. येशू स्वतः ज्यू, त्याची आई मरिया ज्यू, त्याचे बाराही शिष्य ज्यू! पण पुढे ख्रिस्ती धर्म वेगळा झाला, चौथ्या शतकात तो खुद्द रोमन साम्राज्याचा धर्म झाला, आणि मग येशूच्या मरणाचा दोष रोमनांवरून सरकत सरकत ज्यूंच्या माथी आला. तोही त्या वेळच्या चार-दोन माणसांच्या नव्हे, तर त्या जमातीच्या सगळ्या पिढ्यांच्या माथी. तीस चांदीच्या नाण्यांसाठी गुरूला विकणारा जूडास हा तेवढा ज्यू ठरला. बाकीचे अकरा शिष्य संत झाले आणि त्यांचं ज्यूपण कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात येशूच्या दुःखाची कथा चर्चमध्ये सांगितली जायची, आणि कित्येक गावांत ती ऐकून बाहेर पडलेला जमाव ज्यूंच्या वस्तीवर दगड मारायला जायचा.

धर्मानं पाया घातला, मग कायद्यानं भिंत उभी केली. १२१५ मध्ये रोमला चर्चची मोठी परिषद भरली. ज्यूंनी वेगळे ओळखू येतील असे कपडे घालावेत, असा नियम तिथे झाला. मग कुठे पिवळा बिल्ला आला, तर कुठे टोकदार टोपी. बऱ्याच ठिकाणी त्यांना शेतजमीन घेता येत नसे, कारागिरांच्या संघांत प्रवेश नसे. दुसरीकडे ख्रिस्ती माणसानं व्याजानं पैसे देणं हे चर्चनं पाप ठरवलेलं. म्हणजे जमीन नाही, हुन्नर नाही, उरलं काय? फेरीचा धंदा आणि सावकारी! राजे त्यांना सावकारी करू द्यायचे आणि त्यांच्याकडून भरमसाट कर उकळायचे. गरीब शेतकऱ्याला राजा दिसायचा नाही, दारात उभा असलेला ज्यू सावकार तेवढा दिसायचा. मग लोक म्हणू लागले, की ज्यू म्हणजे पैशाचे लोभी. आधी दुसरी सगळी दारं बंद करायची आणि मग उरलेल्या एका दारातून गेला म्हणून नावं ठेवायची, असा तो न्याय! खरं म्हणजे बहुतेक ज्यू शिंपी, विणकर, चांभार, फेरीवाले असे साधे गरीबच होते. आणि इटलीतलं मेदिची, जर्मनीतलं फुगर ही पैशाची बलाढ्य घराणी ख्रिस्ती होती. पण त्यांच्यावरून कुणी सगळ्या ख्रिस्ती लोकांना लोभी म्हटलं नाही.

याच्यावर अफवांचं पीक. इंग्लंडमधल्या नॉर्विच गावी ११४४ मध्ये एक मुलगा मेलेला सापडला. त्याला ज्यूंनीच मारलं, अशी कथा रचली गेली. पुढे तिला आणखी फाटे फुटले, की ज्यू लोक धार्मिक विधीसाठी ख्रिस्ती मुलांचं रक्त काढतात. ज्यू धर्मात रक्त इतकं निषिद्ध, की मांससुद्धा मिठानं रक्त काढल्याशिवाय शिजवत नाहीत! पण अफवेला खरं-खोटं कुठे कळतं? १३४८ मध्ये युरोपात प्लेगची भयंकर साथ आली, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवलं अशी बातमी गावोगाव पसरली आणि वस्त्याच्या वस्त्या जाळल्या गेल्या. ज्यूसुद्धा प्लेगनं मरताहेत, मग ते विष कसं घालतील, असं त्या वेळच्या पोपनं, सहाव्या क्लेमंटनं, लेखी कळवलं. पण खुद्द पोपचंही कुणी ऐकलं नाही.

ग्रासियाचं घराणं मूळचं स्पेनचं. तिथे ज्यू हजारभर वर्षांहून अधिक काळ राहत होते. वैद्य, भाषांतरकार, कवी, दिवाणजी अशी मोठी माणसं त्यांच्यात झाली. पण १३९१ मध्ये सेव्हिल शहरातल्या एका धर्मगुरूच्या भडक भाषणांनी दंगल पेटली आणि ती शहराशहरांत पसरली. हजारो मेले, आणि जीव वाचवायला हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. आता तरी प्रश्न मिटायला हवा होता ना? धर्म बदलला, सगळे एक झाले. पण तसं झालं नाही. हे नवे ख्रिस्ती शिकलेले होते, हुशार होते, मोठ्या जागांवर चढू लागले, आणि जुन्या ख्रिस्त्यांच्या डोळ्यांत सलू लागले. १४४९ मध्ये टोलेडो शहरानं नियमच केला, की ज्यूंच्या वंशातल्या माणसाला, तो ख्रिस्ती असला तरी, शहरातलं अधिकारपद मिळणार नाही. का, तर त्याचं रक्त शुद्ध नाही!

मैत्रिणींनो, इथे जरा थांबा. आतापर्यंत दोष धर्माचा होता, आणि धर्म बदलता तरी येतो. आता दोष रक्ताचा झाला, आणि रक्त कुणाला बदलता येतं? हा नियम पुढे किती ठिकाणी पसरला! पद हवं, मठात प्रवेश हवा, तर आजा-पणजाचं रक्त शुद्ध असल्याचा दाखला आणा. या नव्या ख्रिस्त्यांना लोक तोंडावर मरानो म्हणत. त्याचा अर्थ डुक्कर.

हे लोक खरोखर ख्रिस्ती झाले की नाही हे तपासायला स्पेनमध्ये पोपच्या १४७८च्या परवानगीनं एक धर्मन्यायालय उभं राहिलं, तेच इन्क्विझिशन. आणि १४९२ मध्ये राणी इझाबेला व राजा फर्डिनांड यांनी हुकूम काढला, की बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. कोलंबस जहाजं घेऊन निघाला तेच हे साल. ग्रासियाचे आई-बाप ज्या पिढीतले, ती पिढी डोक्यावर बोचकी घेऊन शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेली. पण तिथेही पाच वर्षांतच, १४९७ मध्ये, राजा मॅन्युएलनं सक्तीनं धर्मांतर केलं. आधी आई-बापांच्या कुशीतून लहान मुलं ओढून नेली, की मुलांसाठी तरी हे लोक बाप्तिस्मा घेतील. त्या आयांचं काय झालं असेल, हे सांगायला नकोच.

आणि बाप्तिस्म्यानंतर तरी शांती? १५०६च्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये प्लेग होता, दुष्काळ होता. एका चर्चमध्ये येशूच्या मूर्तीवर प्रकाश दिसला, लोक म्हणाले चमत्कार झाला. एक नवा ख्रिस्ती सहज बोलून गेला, की हा मेणबत्तीचा उजेड असेल. त्याला तिथल्या तिथे ओढून मारला. मग तीन दिवस शहरात कत्तल चालली, आणि दोन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. राजानं पुढे म्होरक्यांना फाशी दिलं. पण गेलेली माणसं परत येतात का?

ग्रासिया जन्मली ती या कत्तलीनंतर चारच वर्षांनी. म्हणजे ती पाळण्यात होती तेव्हा घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांत ते तीन दिवस ताजे असणार. सिनेगॉग बंद, ज्यू धर्मग्रंथांवर बंदी, पुजारी नाहीत. मग धर्म राहिला कुठे? स्वयंपाकघरात! हे काम बायकांनी केलं. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लावायचा, तो बाहेरून दिसणार नाही अशा जागी ठेवायचा. शनिवारी काम करायचं नाही, म्हणून शुक्रवारीच मांस-कडधान्याचं भांडं मंद निखाऱ्यावर ठेवून द्यायचं. मुलं लहान असतात, बाहेर बडबडतील, म्हणून त्यांना जाणती होईपर्यंत काही सांगायचंच नाही. मग एक दिवस आईनं जवळ बसवून सांगायचं, की आपण कोण आहोत. आपल्या लेकीला हे सांगताना किती जिवावर येत असेल! कारण ते सांगणं म्हणजे तिच्या हातात निखारा देणंच होतं.

अठराव्या वर्षी, १५२८ मध्ये ग्रासियाचं लग्न फ्रान्सिस्को मेंदेशशी झालं. चर्चमध्ये थाटात एक लग्न, आणि घरात गुपचूप ज्यू पद्धतीनं दुसरं. मेंदेश घराण्याचा धंदा मसाल्याचा, आणि त्यातही मिऱ्यांचा. आपल्या मलबार किनाऱ्यावरची मिरी पोर्तुगीज जहाजांतून लिस्बनला जायची, तिथून बेल्जियममधल्या अँटवर्पला. तिथे फ्रान्सिस्कोचा भाऊ दिओगो बसलेला. आपल्या मिसळणाच्या डब्यातला हा काळा दाणा तेव्हा सोन्याच्या भावानं मोजला जाई, आणि त्या व्यापारावर मेंदेश बंधूंची घट्ट पकड होती. राजे-महाराजे त्यांच्याकडून कर्ज घ्यायचे.

पण लग्नानंतर सातच वर्षांनी, १५३५ मध्ये, फ्रान्सिस्को गेला. पंचविशीतली विधवा, पदरात आना नावाची लहान मुलगी आणि हाती प्रचंड पैसा. पुढच्याच वर्षी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्येही इन्क्विझिशनला मंजुरी मिळाली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. धाकटी बहीण ब्रियांडा, भाचा आणि लेक यांना घेऊन ग्रासियानं जहाज गाठलं आणि ती दिराकडे अँटवर्पला गेली.

तिथे ती शोक करत बसली नाही. दिराबरोबर धंद्यात लक्ष घालू लागली. आणि या धंद्याच्या आड दुसरंच एक काम चाललं होतं. लिस्बनहून मसाल्याची जहाजं निघत, त्यांतून माल जायचाच, पण माणसंही जायची. इन्क्विझिशनच्या तावडीतून निसटू पाहणारी कुटुंबं अँटवर्पला उतरत. तिथे मेंदेश पेढीची माणसं त्यांना सांगत, की कुठल्या वाटेनं जायचं, कुठे मुक्काम करायचा, कुणावर विश्वास ठेवायचा. मग आल्प्सचे घाट ओलांडून इटली आणि तिथून समुद्रानं तुर्कस्तान. मेंदेश पेढीच्या हुंड्या ठिकठिकाणी वटायच्या, त्यामुळे या लोकांचा पैसाही सुरक्षित पोचे. याच संशयावरून दिओगोला १५३२ मध्ये एकदा अटकही झाली होती. भरपूर पैसे मोजले तेव्हा सुटला.

दिओगोनं ब्रियांडाशी लग्न केलं. म्हणजे ग्रासियाची सख्खी बहीण आता जाऊही झाली. पण १५४३च्या सुमारास दिओगोही वारला आणि मृत्युपत्रात त्यानं सगळा कारभार बायकोच्या नव्हे, वहिनीच्या हाती दिला. ब्रियांडाच्या मनाला ते किती लागलं असेल! दोघी बहिणींत जी तेढ पडली ती अनेक वर्षं चालली. समाजकार्य करताना मी पाहिलंय, विधवा बाईच्या हाती पैसा आला की घरचे-बाहेरचे सगळ्यांचे डोळे तिकडे लागतात. ग्रासियाच्या बाबतीत तर डोळे लावून बसला होता खुद्द सम्राट पाचवा चार्ल्स! आना वयात येत होती. एका उतारवयाच्या खानदानी सरदाराशी तिचं लग्न लावून द्यावं असं सम्राटानं आणि त्याच्या बहिणीनं, राणी मेरीनं सुचवलं. म्हणजे पोरीबरोबर मेंदेशांची दौलतही दरबाराच्या हाती. सम्राटाला नाही म्हणायचं? ग्रासियानं म्हटलं. स्पष्ट, आणि वर वेळकाढूपणा केला. मग एक दिवस गरम पाण्याच्या झऱ्यांवर प्रकृतीसाठी जाते असं सांगून, भरलं घर तसंच टाकून, लेकीला आणि बहिणीच्या कुटुंबाला घेऊन निघाली ती थेट इटलीत व्हेनिसला पोचली. मागे सम्राटानं माल जप्त केला. तो सोडवायला भाच्याला बरीच घासाघीस करावी लागली.

व्हेनिस म्हणजे पाण्यातलं सुंदर शहर. पण १५१६ मध्ये तिथल्या राज्यकर्त्यांनी ज्यूंना एका बेटावर, रात्री फाटकं बंद होतील अशा वस्तीत राहायला लावलं होतं. घेट्टो हा शब्द तिथलाच. ग्रासिया ख्रिस्ती नावानं आली होती म्हणून ती घेट्टोबाहेर राहिली. आणि इथेच घात झाला. ब्रियांडानं दौलतीतला वाटा मिळावा म्हणून फिर्याद केली आणि त्यात बहीण छुपी ज्यू आहे, पैसा घेऊन तुर्कस्तानात पळणार आहे, असंही सांगून टाकलं. ब्रियांडा स्वतःही त्याच रक्ताची, त्याच चुलीची! तिला दुष्ट म्हणून आपण मोकळ्या होऊ नये. जिथे एक शब्द सांगितला की समोरचा माणूस संपतो असा कायदा असतो, तिथे घरातलं साधं वाटणीचं भांडणही जिवावर उठतं. अशी व्यवस्था लोकांना वाईट वागायला शिकवते.

शेवटी १५४९च्या सुमारास ग्रासिया फेरारा या छोट्या राज्यात गेली. तिथला ड्यूक उदार होता, व्यापार वाढावा म्हणून त्यानं ज्यूंना मोकळेपणानं राहू दिलं होतं. तिथे, चाळिशीच्या आसपास, तिनं बिआट्रिस हे नाव उतरवून ठेवलं आणि उघडपणे ग्रासिया नासी झाली. १५५३ मध्ये फेराराला ज्यू धर्मग्रंथाचं स्पॅनिश भाषांतर छापलं गेलं. सक्तीनं बाटवलेल्या लोकांच्या पोरांना हिब्रू येत नव्हतं, त्यांना आपला धर्म आपल्या बोलीत वाचता यावा म्हणून. त्याच्या काही प्रतींवर अर्पणपत्रिका आहे ती हिच्या नावाची. सॅम्युएल उस्क यानं ज्यूंच्या दुःखांचा इतिहास पोर्तुगीजमध्ये लिहिला, तोही तिलाच अर्पण केला. राण्यांना ग्रंथ अर्पण करण्याच्या त्या काळात एका निर्वासित विधवेला हा मान मिळाला!

त्याच साली ती इस्तंबूलला पोचली. सुलतान सुलेमानला तिच्या पैशाची आणि व्यापाराची किंमत कळत होती, त्यानं व्हेनिसवर दडपण आणून तिची वाट मोकळी केली. तुर्की राज्यात ज्यूंना वेगळा कर होता, दुय्यम दर्जा होता, सगळं गोड नव्हतं. पण शुक्रवारचा दिवा खिडकीत ठेवता येत होता. लेकीचं नाव रैना झालं आणि भाच्याशी, जो आता जोसेफ नासी झाला होता, तिचं लग्न लागलं. नवऱ्याच्या अस्थी पोर्तुगालच्या मातीतून काढून जेरुसलेमला नेऊन पुरण्याचीही तिनं व्यवस्था केली. तिच्या घरी रोज पंगतीला गरिबांची रीघ असायची, सिनेगॉग आणि पाठशाळा तिच्या पैशावर चालायच्या.

आणि मग आलं अँकोनाचं प्रकरण. अँकोना हे पोपच्या राज्यातलं बंदर. व्यापार वाढावा म्हणून आधीच्या पोपांनी पोर्तुगालच्या नव्या ख्रिस्त्यांना अभय देऊन तिथे बोलावलं होतं. १५५५ मध्ये चौथा पॉल हा पोप झाला. त्यानं एका हुकुमानं आपल्या राज्यातल्या ज्यूंना घेट्टोत कोंडलं, आणि अँकोनाचं अभय रद्द करून त्या लोकांना तुरुंगात टाकलं. ग्रासियानं सुलतानाला गाठलं. तुर्की सुलतानानं रोमच्या पोपला पत्र लिहिलं, ते एका विधवेच्या विनंतीवरून! तरीही १५५६ मध्ये दोन डझनांच्या आसपास माणसांना जाळण्यात आलं.

मग ग्रासियानं व्यापाऱ्यांना एकत्र केलं आणि अँकोना बंदरावर बहिष्कार पुकारला. तुर्कस्तानच्या ज्यू व्यापाऱ्यांनी माल तिथे न्यायचा नाही, शेजारच्या पेसारो बंदरात उतरवायचा. ज्यूंना नेहमी मार खाणारे म्हणून जग ओळखत होतं. त्यांनी एकजुटीनं उलट उत्तर देण्याची ही फार धाडसी गोष्ट होती. पण बहिष्कार टिकला नाही. अँकोनात अजून राहणारे दुसरे ज्यू रडू लागले, की पोपचा राग आमच्यावर निघेल. काही धर्मगुरू त्यांच्या बाजूचे झाले, काही व्यापाऱ्यांना तोटा नको होता. वर्ष-दोन वर्षांत सगळं विस्कटलं. ग्रासिया हरली ती इथे. पण हरली म्हणून तिचं करणं चुकलं असं मला वाटत नाही.

त्यानंतर तिनं सुलतानाकडून पॅलेस्टाईनमधलं तिबेरियास हे ओसाड गाव खंडानं घेतलं, वर्षाला हजार सुवर्णनाणी भरायच्या बोलीवर. जोसेफच्या माणसांनी गावाचा कोट पुन्हा बांधला. रेशमासाठी तुतीची झाडं लावली. निर्वासितांना नुसतं अन्न देऊन भागत नाही, हाताला काम लागतं, हे तिला कळलं होतं. ती स्वतः तिथे राहायला गेली असं दिसत नाही. १५६९ मध्ये ती वारली. तिची कबर कुठे आहे कुणाला ठाऊक नाही.

हेच १५६९ साल आपल्या शेजारी, गोव्यातही एका बाईच्या नावानं लक्षात ठेवायला हवं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला होता. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला, मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडानं होतं. त्याचे आई-बाप स्पेनमधून हाकललेले ज्यू. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं. ओर्ता १५६८ मध्ये वारला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला छुपी ज्यू म्हणून गोव्यात जाळलं. तेवढ्यानंही समाधान झालं नाही. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून जाळली. या न्यायालयानं पुढे गोव्यातल्या बाटलेल्या हिंदूंनाही, घरात जुन्या चालीरीती पाळतात म्हणून छळलं, आणि ते बंद व्हायला १८१२ साल उजाडलं. मिऱ्यांच्या जहाजांबरोबर संशयही असा समुद्र ओलांडून आला.

पोर्तुगालमध्ये जुना ख्रिस्ती आणि नवा ख्रिस्ती हा भेद कायद्यानं मोडला तो १७७३ मध्ये. पण रक्ताची ती कल्पना मेली नव्हती. १९३५ मध्ये जर्मनीत नाझींनी कायदे केले तेव्हा माणसाचा स्वतःचा धर्म पाहिला नाही, आजा-आजीचा पाहिला. बाप्तिस्मा घेतलेलेही त्यात धरले गेले. पुढे साठ लाख ज्यू मारले गेले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९६५ मध्ये, कॅथलिक चर्चनं जाहीर केलं, की येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर ठेवता येत नाही. चूक दुरुस्त केली हे मोठेपणाचं, पण किती उशिरा!

आणि तरी हे घडणं अटळ नव्हतं, हे आपल्याच कोकणात दिसतं. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात बेने इस्राएल लोक शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. बघा हं, शनिवारी चूल बंद म्हणून लिस्बनमध्ये बाईला कोठडी, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून कोकणात नुसतं एक आडनावासारखं नाव. सवय तीच, पण बघणारे डोळे वेगळे. आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. रक्ताचा विटाळ मानायची आपली स्वतःची कहाणी आहेच. पण निदान हे एक दार आपण उघडं ठेवलं होतं.

ग्रासियाची लेक रैना पुढे विधवा झाली. १५७९ मध्ये जोसेफ गेल्यावर सरकारनं बरीच मालमत्ता काढून घेतली. उरलेल्या पैशात तिनं काय करावं? १५९२च्या सुमारास इस्तंबूलजवळ तिनं स्वतःचा हिब्रू छापखाना काढला. जी पुस्तकं आजीच्या घरात लपवून ठेवावी लागत होती, ती नात उघडपणे छापू लागली. दौलत गेली, कोट पडले, कबरीही राहिल्या नाहीत. पण दिवा एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

मैत्रिणींनो, कुणाच्या डब्यात काय असतं, कुणाची चूल कधी पेटते, कोण कुठल्या दिवशी काय खात नाही, हे सगळ्यात आधी आपल्याला, बायकांनाच कळतं. त्या माहितीचं काय करायचं, हे ठरवणंही आपल्याच हातात असतं. लिस्बनच्या शेजारणींनी ती चुगली करायला वापरली. कोकणातल्या शेजारणींनी शनिवारी तेल मिळणार नाही एवढंच ओळखून शुक्रवारीच बुधली भरून नेली असेल. आपण कुठल्या शेजारणी व्हायचं, हे आपण रोजच ठरवत असतो.